मैदानाला ठेका हवा

ज्या जिल्ह्याचे नाव एका ढोलाला चिकटले आहे, त्या जिल्ह्यात कोणी फुटबॉलच्या सामन्याला ढोल घेऊन गेले तर नवल वाटायला नको. ‘नाशिक ढोल’ हे नाव आता नाशिकपुरते राहिलेले नाही. पार केरळमध्ये लग्नाच्या वरातीत, निवडणुकीच्या विजयी मिरवणुकीत आणि फुटबॉलप्रेमींच्या जल्लोषात तो याच नावाने वाजतो. मनमाड, येवला, चांदवड, मालेगाव या आपल्या पट्ट्यात मात्र ढोल म्हटला की गणपती, लग्न नाहीतर जयंतीची मिरवणूक आठवते, खेळाचे मैदान सहसा आठवत नाही. जगभरचे फुटबॉलप्रेमी आपल्या संघासाठी ढोल वाजवतात, सामूहिक गाणी म्हणतात आणि त्याने सामन्यात रंग भरतो असे मानतात. त्यांच्या या समजुतीत तथ्य किती आणि हौस किती, हे तपासून पाहण्यासारखे आहे. ढोलाचे मैदानातले खरे काम आवाज वाढवणे हे नाही, विखुरलेल्या माणसांना एक वेळ, एक ठेका देणे हे आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. हे मान्य केले की ढोलावरच्या बहुतेक आक्षेपांना उत्तर मिळते, आणि जे आक्षेप उरतात ते ढोल कसा वाजवावा हे शिकवतात.

आधी साध्या भौतिकशास्त्राकडे पाहू. उन्हाळ्याच्या हवेत ध्वनी सेकंदाला साधारण 350 मीटर जातो. आंतरराष्ट्रीय मापाचे फुटबॉल मैदान 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद असते. म्हणजे एका गोलमागची टाळी दुसऱ्या गोलमागे पोहोचायला सेकंदाचे तीन दशांश लागतात, आणि कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत त्याहूनही थोडे अधिक. हा उशीर ऐकायला किरकोळ वाटतो. पण लोक सेकंदाला दोन या वेगाने टाळ्या वाजवत असतील, तर दोन टाळ्यांमधले अंतरच अर्धा सेकंद असते. पलीकडची टाळी तीन दशांश सेकंद उशिरा आली की ती दोन टाळ्यांच्या अधेमधे पडते आणि ऐकणाऱ्याला कोणाला धरावे ते कळेनासे होते. त्यामुळे हजार-दोन हजार माणसे केवळ एकमेकांचे ऐकून जलद लयीत फार वेळ एकत्र राहू शकत नाहीत. यात कोणाचा आळस किंवा बेसूरपणा नसतो, अंतरच आडवे येते. भल्यामोठ्या स्टेडियममधली गाणी संथ आणि लांबवलेल्या स्वरांची असतात, त्यामागे हेही एक कारण आहे. लय संथ असली की तेवढा उशीर खपून जातो.

ढोल इथे दोन प्रकारे उपयोगी पडतो. मोठ्या ढोलाचा घुमारा माणसाच्या बोलण्या-ओरडण्याच्या पट्टीच्या खाली असतो, त्यामुळे तो आरडाओरड्यात बुडत नाही. ताशाचा आघात उलट तीक्ष्ण आणि वरच्या पट्टीतला असतो. ठोका नेमका कोणत्या क्षणी पडला हे तो दाखवतो. ढोल वजन देतो, ताशा वेळ दाखवतो. पथकात ताशेवाला पुढे असतो आणि ठेका बदलायची खूण त्याच्याकडून येते, ही आपली जुनी विभागणी ध्वनीच्या दृष्टीनेही शहाणपणाची आहे. दुसरी गोष्ट डोळ्यांची. वादकाचा वर गेलेला हात शंभर मीटरवरूनही त्याच क्षणी दिसतो, प्रकाशाला उशीर लागत नाही. म्हणूनच युरोप आणि दक्षिण अमेरिकेतल्या स्टेडियममध्ये एखादा म्होरक्या सामन्याकडे पाठ करून, प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहतो आणि हात उंचावून सगळ्यांना चालवतो.

ठेका आणि आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा पुरावा एका गंमतशीर संशोधनात सापडतो. झोल्तान नेदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुमानिया आणि हंगेरीतल्या नाट्यगृहांत प्रयोगानंतरच्या टाळ्यांचे ध्वनिमुद्रण केले, आणि त्याचे निष्कर्ष 2000 साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सुरुवातीला प्रत्येक जण आपापल्या वेगाने टाळ्या वाजवतो. मग लोक वेग जवळजवळ निम्म्यावर आणतात आणि काही क्षणांत सगळे नाट्यगृह एका ठोक्यावर येते. मात्र टाळ्यांची संख्या घटल्यामुळे एकूण आवाजाची सरासरी कमी होते. आवाज वाढवावा म्हणून लोक पुन्हा वेग धरतात, आणि धरताच एकतानता मोडते. तात्पर्य असे की गर्दीला एकाच वेळी जास्तीत जास्त आवाज आणि जास्तीत जास्त एकवाक्यता मिळत नाही, दोन्हींतले एक निवडावे लागते. 2016 च्या युरो स्पर्धेत आइसलँडच्या पाठीराख्यांनी यातले दुसरे निवडले. जेमतेम सव्वातीन लाख वस्तीच्या या देशाचे लोक हात डोक्यावर उंच धरून थांबत. ढोलाचे दोन ठोके पडले की सगळे मिळून एक टाळी आणि एक हुंकार, पुन्हा शांतता, पुन्हा दोन ठोके, आणि हळूहळू वेग वाढत जाई. इंग्लंडला 2-1 असे हरवणाऱ्या त्या संघाइतकीच त्याच्या पाठीराख्यांची ही टाळी जगभर गाजली. तिचा प्रभाव टाळीइतकाच मधल्या शांततेत होता, आणि ती शांतता सांभाळायचे काम ढोल करत होता.

हे सगळे कशासाठी, असे विचारले तर उत्तर माणसाच्या शरीरात आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी नौकानयनपटूंवर केलेला एक प्रयोग 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. तेच खेळाडू तितकाच व्यायाम कधी एकट्याने, कधी संघाबरोबर एका लयीत करत. संघाबरोबर वल्ही मारल्यानंतर त्यांची वेदना सहन करण्याची क्षमता जास्त वाढलेली आढळली. शरीरात एंडॉर्फिन ही वेदनाशामक, सुखद द्रव्ये स्रवल्याची ही अप्रत्यक्ष खूण मानली जाते. पुढे 2016 मध्ये लंडनच्या एका हौशी गायकवृंदाचा अभ्यास झाला. एरवी लहान लहान गटांत गाणारे हे लोक 232 जणांच्या मोठ्या मेळाव्यात एकत्र गायले, तेव्हा एकमेकांना नीट ओळखत नसतानाही त्यांच्यातली जवळीक लहान गटांपेक्षा अधिक वाढली. अनोळखी माणसांना थोड्या वेळात जवळ आणणारी दुसरी इतकी स्वस्त युक्ती माणसाजवळ नाही. फुटबॉलच्या मैदानावर जमणारे लोक बहुतांशी एकमेकांना अनोळखीच असतात. ते वेगवेगळे ओरडले तर वेगवेगळेच राहतात. एका ठेक्यावर गायले तर नव्वद मिनिटांपुरते का होईना, एक होतात, आणि पुढच्या सामन्याला पुन्हा यावेसे वाटण्याचे बीज तिथे पडते.

मराठी माणसाला ही गोष्ट पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. शाहीर पुढे आणि झीलकरी मागे, कीर्तनकार पुढे आणि टाळकरी मागे, एकाने ओळ टाकायची आणि सर्वांनी ती उचलायची, ही रचना आपल्या अंगवळणी पडलेली आहे. खेळाच्या मैदानाला वाद्य जोडण्याची परंपराही आपल्याकडे आहे. कुस्तीच्या फडात हलगी कडाडल्याशिवाय मैदान भरल्यासारखे वाटत नाही, आणि जोड अटीतटीला आली की हलगीचा ठेकाही चढतो. कोल्हापुरात तर कुस्तीच्या तालमींमधूनच फुटबॉल वाढला. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ या फुटबॉल संघांची नावेच ते सांगतात. शाहू स्टेडियमवर यांचे सामने असतात तेव्हा स्थानिक खेळाडूंना पाहायला हजारो लोक तिकीट काढून येतात. भारतातल्या 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. कोल्हापूरचे वैशिष्ट्य असे, की तिथला प्रेक्षक एखाद्या कंपनीच्या संघाला नव्हे, आपल्या पेठेला पाठिंबा देतो. तिथे सामन्यात जीव ओतायला जाहिरात लागत नाही. नाते आधीच असते, आणि घोषणा, झेंडे आणि वाद्ये त्या नात्याला तोंड फोडतात.

आता ढोलावरचे आक्षेप पाहू. पहिला आक्षेप निकालाचा. प्रेक्षकांच्या गाण्याने गोल होत नाहीत, मग खटाटोप कशाला? गाण्याने चेंडू जाळ्यात जात नाही हे खरेच आहे. पण प्रेक्षकांचा खेळावर परिणामच होत नाही, असेही नाही. इंग्लंडमधील ॲलन नेव्हिल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 40 पात्रताधारक पंचांना लिव्हरपूल विरुद्ध लेस्टर सामन्यातल्या 47 झटापटींचे चित्रण दाखवले. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमान संघाविरुद्ध 15.5 टक्के कमी फाउल दिले. मग 2020 मध्ये करोनाने नकळत त्याहून मोठा प्रयोग घडवला. 16 मे 2020 पासून जर्मनीची बुंडेसलिगा रिकाम्या स्टेडियममध्ये सुरू झाली, आणि पाठोपाठ इतर देशांच्या स्पर्धाही. या सामन्यांच्या आकडेवारीवर अनेकांनी काम केले. यजमानांना घरच्या मैदानाचा मिळणारा फायदा बऱ्याच ठिकाणी घटला. एरवी पाहुण्या संघाला अधिक पिवळी कार्डे मिळत, तो फरकही जवळजवळ नाहीसा झाला. टीव्हीवाल्यांनी त्या काळात ध्वनिमुद्रित जल्लोष लावला, यावरूनही प्रेक्षकांशिवाय खेळ किती कोरडा होतो ते दिसले. आपल्याकडची 2020-21 ची इंडियन सुपर लीग पूर्णपणे गोव्यात, प्रेक्षकांविना झाली. मुंबई सिटीने 13 मार्च 2021 रोजी फातोर्ड्याला शेवटच्या मिनिटाच्या गोलने ती जिंकली, तेव्हा तो गोल डोक्यावर घ्यायला मुंबईकर मैदानात नव्हते.

मात्र हा पुरावा जपून वापरायला हवा. हे अभ्यास प्रेक्षकांचे आणि आवाजाचे आहेत, ढोलाचे नाहीत. ढोल नेला म्हणून संघ जिंकेल, असे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय पंचांवर दडपण आणून सवलत मिळवणे हे काही मिरवण्याजोगे यश नव्हे. म्हणून ढोलाचे समर्थन निकालाच्या आधारावर करूच नये. ते प्रेक्षकाच्या अनुभवाच्या आधारावर करावे, आणि तेवढे समर्थन पुरेसे आहे. हौशी फुटबॉलचा बहुतेक गावांत मूळ प्रश्न पराभवाचा नसतो, रिकाम्या कडांचा असतो.

यावर दुसरा आक्षेप येतो की खेळ चांगला असेल तर लोक आपोआप येतील, ढोल ही वरवरची मलमपट्टी आहे. जून 2018 मधले मुंबईतले दोन सामने याला उत्तर देतात. 1 जून रोजी अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला 5-0 असे हरवले, कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले, आणि हे पाहायला हजर होते 2,569 प्रेक्षक. दुसऱ्या दिवशी छेत्रीने समाजमाध्यमावर हात जोडून लोकांना मैदानात यायची विनंती केली. शिव्या द्या, टीका करा, पण या, असा त्याचा सूर होता. 4 जूनला केनियाविरुद्धच्या त्याच्या शंभराव्या सामन्याची सगळी तिकिटे संपली आणि भारत 3-0 जिंकला. पाच गोलांनी जे झाले नाही, ते एका हाकेने झाले. चांगला खेळ आवश्यक आहे, पण लोकांना यायला बोलावणे लागते आणि आल्यावर करायला काही काम लागते. छेत्रीने बोलावण्याचे काम केले. आलेल्यांना काम देणे हे राष्ट्रीय संघाच्या ‘ब्लू पिलग्रिम्स’ किंवा मुंबई सिटीच्या ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’सारख्या पाठीराख्यांच्या गटांचे काम असते. एक नेता हाक मारू शकतो, पण दर आठवड्याला मैदान जिवंत ठेवायला गट लागतो.

तिसरा आक्षेप जाणकार फुटबॉलप्रेमींचा असतो, आणि तो सर्वांत वजनदार आहे. ते म्हणतात, सतत वाजणारा ढोल सामन्याचा स्वतःचा आवाज मारून टाकतो. कॉर्नर मिळाल्यावर उठणारी कुजबुज, चेंडू खांबाला लागल्यावर निघणारा सुस्कारा, चुकलेल्या पासवरची हळहळ, हे सगळे ढोलाखाली गाडले जाते. 2010 च्या दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकात वुवुझेला या पिपाणीने नेमके हेच केले. तिला एकच स्वर. हजारो पिपाण्या नव्वद मिनिटे एकसारख्या वाजत राहिल्या, आणि गोल झाला काय किंवा हुकला काय, आवाज तोच. युरोपच्या फुटबॉल महासंघाने त्याच वर्षी आपल्या स्पर्धांत तिच्यावर बंदी घातली. 2014 च्या ब्राझीलमधल्या विश्वचषकासाठी कार्लिन्योस ब्राउन या संगीतकाराने ‘काशिरोला’ नावाचे खुळखुळ्यासारखे वाद्य तयार केले. एप्रिल 2013 मध्ये साल्वादोरच्या एका सामन्यात चिडलेल्या प्रेक्षकांनी ते मैदानात फेकले आणि तेही बाद झाले. याच ब्राझीलमध्ये 1942 मध्ये जाइमे दि कार्व्हाल्यो यांनी फ्लामेंगो संघासाठी वाद्यवृंद सुरू केला होता, आणि तिथल्या पाठीराख्यांची ताल धरण्याची परंपरा आजही जोरात आहे. फरक कुठे पडला? वरून वाटलेले, एकसुरी, खेळाशी नाते नसलेले वाद्य टिकले नाही. पाठीराख्यांमधून उगवलेले, खेळ पाहून वाजणारे टिकले. म्हणून या आक्षेपाला उत्तर ढोल घरी ठेवणे हे नाही, ढोल थांबवायला शिकणे हे आहे. चांगला हलगीवाला कुस्तीकडे डोळे लावून वाजवतो. फुटबॉलच्या वादकालाही खेळ कळला पाहिजे. पेनल्टीच्या वेळी, खेळाडू जखमी होऊन पडला असताना, पंच बोलत असताना ढोल गप्प हवा.

चौथा आक्षेप हुल्लडबाजीचा. एका ठेक्यावर चालणारी गर्दी जशी प्रेमाने बांधली जाते, तशीच द्वेषानेही. ही भीती निराधार नाही. स्टॅनफर्डच्या स्कॉट विल्टरमथ आणि चिप हीथ यांनी 2009 मध्ये दाखवले होते की पावलाला पाऊल मिळवून चाललेली माणसे नंतर एकमेकांना अधिक सहकार्य करतात. त्याच विल्टरमथ यांच्या 2012 च्या संशोधनात असेही आढळले की एकलयीत वागलेली माणसे दुसऱ्याला त्रास देण्याची सूचनाही अधिक सहज पाळतात. लय चांगल्या-वाईटाचा भेद करत नाही. कोल्हापुरातही पाठीराख्यांच्या हाणामारीने आणि दगडफेकीने फुटबॉलला वेळोवेळी गालबोट लागले आहे, आणि त्याची किंमत खेळाडूंना मोजावी लागली आहे. तेव्हा ठेका कोणता याइतकेच त्यावर शब्द कोणते, हेही ठरवावे लागते. समोरच्या संघाची आई-बहीण काढणाऱ्या घोषणांनी मैदान भरले, तर आधी बायका आणि मुले घरी बसतात, मग शहाणी माणसे, आणि शेवटी उरतात ते फक्त भांडणारे. आपल्या संघाचे गुणगान करणारा गट लहान असला तरी वाढतो, हे लक्षात घेऊन ज्याच्या हातात ताशा त्याच्याच हातात जिभेचा लगामही द्यायला हवा.

पाचवा आक्षेप कानांचा आणि शेजाऱ्यांचा, आणि तो सरळ मान्य करावा असा आहे. कानांच्या सुरक्षेचा प्रचलित हिशेब असा: 85 डेसिबल आवाज आठ तासांपर्यंत सोसता येतो, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. या हिशेबाने 100 डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे उरतात. ढोल-ताशांच्या ऐन मध्यात उभ्या असलेल्या वादकाला याहून अधिक आवाज सहज बसतो, म्हणून वादकांनी कानात बोळे घालणे हा नाजूकपणा नव्हे, आणि लहान मुलांना पथकाच्या पुढ्यात उभे करणे हे कौतुक नव्हे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवती किमान 100 मीटरचे शांतता क्षेत्र ठरवता येते, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेचे बंधन तर सर्वांनाच ठाऊक आहे. मनमाडसारख्या रेल्वेच्या गावात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी: इथे रात्रपाळी करून दुपारी झोपणारी माणसे गल्लोगल्ली असतात. त्यांची झोपमोड करून कमावलेले वातावरण गावाचे राहत नाही.

या सगळ्याचा मेळ घातला तर मनमाडच्या किंवा कोणत्याही तालुक्याच्या मैदानासाठी अगदी व्यवहारी निष्कर्ष निघतात. आपल्याकडे छत असलेले प्रेक्षागार नसते. लोक मैदानाच्या चारी कडांना उभे असतात आणि आवाज उघड्यावर विरून जातो. अशा ठिकाणी दोन बाजूंना दोन पथके उभी केली, तर रुंदीचे 68 मीटरच त्यांना जवळजवळ दोन दशांश सेकंदाने एकमेकांपासून फोडतात आणि उरतो तो नुसता कल्लोळ. त्यापेक्षा एका कडेला, मध्यरेषेजवळ, वस्ती आणि दवाखान्याकडे पाठ करून एकच छोटे पथक हवे. चार ढोल आणि दोन ताशे पुरतात, ध्वनिवर्धकाची गरज नाही. त्यांच्याभोवती गाणाऱ्यांनी दाटीने उभे राहावे, कारण जवळची शंभर माणसे विखुरलेल्या पाचशेंपेक्षा चांगली एकत्र येतात. घोषणा छोट्या, संथ आणि मराठी असाव्यात. एकाने टाकायची, सगळ्यांनी उचलायची. ढोलाइतकेच मौनही ठरवून घ्यावे, आणि समोरच्या संघाने सुरेख गोल केला तर त्यालाही एक ठोका द्यावा. गणपतीसाठी तयार झालेली पथके वर्षाचे कित्येक महिने मोकळी असतात, आणि मुलांच्या आंतरशालेय सामन्यांना पाहायला कोणी नसते. या दोघांची गाठ घालून द्यायला फार पैसा लागत नाही. नाशिकचा ढोल केरळच्या फुटबॉलप्रेमींनी आपला मानला आहे. आता तो आपल्याच तालुक्यातल्या पोरांच्या सामन्याला, एका शनिवारी दुपारी चारनंतर, नेऊन पाहावा.